‘पंखा शाबूत आहे’ असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बापाला तर नाहीच. एकदा एका मित्रापुढे सुरुवात केली होती – तेवढ्यात त्याला फोन आला, तो उठून गेला, आणि मला इतकं हायसं वाटलं की तेव्हाच कळलं, मला सांगायचंच नव्हतं. आता लिहून टाकतोय. लिहिताना राग येतोय, तो तुम्हाला जागोजागी दिसेल. तुमच्यावर नाही तो. पण वाचता वाचता तुम्ही माझी बाजू घ्यायला लागलात, तर तुमच्यावरही येईल, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही भाईंदरच्या खाडीकाठच्या जुन्या आळीतले कोळी. बोट बापाची. बा नाखवा, म्हणजे मालक, आणि मी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. तांडेल ही काय चीज असते ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पाणी कुठे किती, गाळ कुठे, खाली काय गाडलेलं आहे – हे त्याच्या पायाला कळलं पाहिजे. चुकला तर त्याच्या बापाचं नाव निघतं. मी पंचविशीत तांडेल झालो आणि त्या दिवसापासून नाकाने कांदे सोलत आलोय.

आमच्या आळीत एक रीत आहे. खाडीत आमच्या वाटेवर तीन ठिकाणी पाण्याखाली काही ना काही आहे. एका जागी खडक, एका जागी कापून टाकलेल्या लोखंडी खांबांची बुडखी, आणि समुद्राकडे जाताना जे वळण लागतं तिथे रेती वाहून नेणारा एक बुडालेला बार्ज. भरतीला त्याच्यावरून हत्ती गेला तरी कळणार नाही. ओहोटीला मात्र त्याची लोखंडी कड पाण्याखाली हात-दीड हातावर येते, आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून दरवर्षी मासेमारी सुरू व्हायच्या आधी त्या तीन जागी बांबू रोवायचे आणि त्यांना लाल फडकी बांधायची. घरोघर पाळी असते. ज्या घराची पाळी, त्या घराच्या तांडेलाने बांबू रोवायचे आणि संध्याकाळी देवळापुढे येऊन सांगायचं – लागले. मग कोणी जाऊन तपासत नाही. तांडेलाने सांगितलं म्हणजे झालं.

त्या वर्षी पाळी आमची होती.

दोन बांबू मी रोवले. नीट रोवले, हलवून बघितले. तिसरा राहिला होता, बार्जवरचा. दुपार झाली होती, पाणी फिरलं होतं, आणि मेव्हणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. बायकोचे चार फोन येऊन गेले होते. उद्या लावू म्हटलं. बांबू काठावर टाकला आणि घरी जाऊन आंघोळ केली. संध्याकाळी साखरपुड्याहून थेट देवळापुढे आलो, चांगला इस्त्रीचा शर्ट घालून, आणि सांगितलं – तिन्ही लागले.

उद्याचा परवा झाला. परवाचा आठवडा. विसरलो नव्हतो. रोज आठवत होतं आणि रोज कंटाळा येत होता. एवढंच.

आता साळवी मिस्त्रीबद्दल. कारण हे सगळं त्याचं आहे.

साळवी मूळचा रत्नागिरीकडचा. राहायला खारीला, आणि हाटकेशला एका गाळ्यात त्याचं वर्कशॉप. डिझेल इंजिनाचा असा माणूस मी दुसरा बघितला नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. आतली कुठली बेअरिंग दुखतेय ते सांगायचा. पंधरा वर्षं आमच्या आळीच्या बोटी त्याच्याच हाताखालून गेल्या. पोहता यायचं नाही त्याला. बोटीत पाय टाकताना देखील धरायला काहीतरी शोधायचा, आणि आम्ही हसायचो. तोही हसायचा. म्हणायचा, “मी इंजिनाचा मिस्त्री आहे, पाण्याचं तुमचं तुम्ही बघा.” त्या पावसाळ्यात आमच्या बोटीला नवीन इंजीन बसलं. बसवलं साळवीनेच. मापं दोन-दोनदा घेतली. बा शेजारी स्टूल टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “साल्वीनं हात लावला म्हंजे बगायला नको.”

मासेमारी सुरू होऊन दोन-चार दिवस झाले असतील. सगळ्या बोटी भरतीवरच जात-येत होत्या, त्यामुळे वळणावर फडकं नाही हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी एकटाच बोट घेऊन डिझेल भरायला गेलो होतो. परत येताना दुपारचे तीन-साडेतीन. ओहोटी चांगलीच लागलेली. मी एका हाताने सुकाणू धरलेलं आणि दुसऱ्या हातात मोबाइल – नव्या इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून मेव्हण्याला पाठवत होतो. वळण आलं. मी समोर नजर टाकली. लाल फडकं कुठे दिसलं नाही, म्हणजे मोकळं पाणी, म्हणून मी बोट सरळ काढली.

कळलं का तुम्हाला? आयुष्यभर फडकं बघून वळायची सवय. फडकं नाही म्हणजे खाली काही नाही. माझ्या डोळ्यांनी आळीवर विश्वास ठेवला – की ज्याची पाळी होती त्याने काम केलं असणार. आणि पाळी माझी होती! जगात दुसरा कोणी माणूस अशा रीतीने आपटला असेल का, मला माहीत नाही.

खालून कुणीतरी घण घातल्यासारखा आवाज आला. बोट वर उचलली, मागून दणका बसला, मोबाइल हातातून उडून जाळ्यात पडला. मग सगळं पुन्हा पहिल्यासारखं. बोट चालत होती. पाणी कुठून येत नव्हतं. मी इकडे तिकडे बघितलं – काठावर कोणी नव्हतं. पण पायाखाली फळ्यांना एक कापरं भरलं होतं. मंद गतीला थोडंसं, वेग वाढवला की दात वाजतील इतकं. तांडेलाच्या पायाला कळतं म्हणालो ना मघाशी? कळलं. पंखा, बोटीच्या मागे पाण्याखाली फिरून तिला ढकलणारा, तो गेला हे मला त्याच क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन तिसरा बांबू रोवून आलो. कोणी विचारलं तर ‘सैल झालेला, घट्ट केला’ असं सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही.

बाला कापरं दोन दिवसांनी जाणवलं. त्याने साळवीला बोलावलं. साळवी आला, बोटीत उतरला. आधी गिअर न टाकता इंजीन पळवलं, पूर्ण वेगाने. इंजिनाच्या झाकणावर त्याने स्टीलचा पेला ठेवला होता पाण्याने भरलेला, त्यातलं पाणी जरा थरथरलं, बस. मग गिअर टाकला. पेला सरकत सरकत खाली पडला. साळवी म्हणाला, “न्यूट्रलला गाय, गिअरला बैल. म्हणजे इंजिनाला काय झालेलं नाय. भानगड मागे आहे – एक तर शाफ्ट, नाय तर पंखा, नाय तर इंजीन-शाफ्टमधलं कपलिंग.” मग माझ्याकडे वळला. “हरेश, खरं सांग, कुठे लागली का बोट? लागली असेल तर सांग बाबा, कोण फाशी देत नाय.”

किती सोपं करून दिलं होतं त्याने. बा पलीकडे जाळं बघत होता. हळूच ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता – कुठे? वळणावर. वळणावर बांबू नव्हता का? आणि मग देवळापुढे इस्त्रीच्या शर्टात उभा राहून ‘तिन्ही लागले’ म्हणालेला मी.

मी म्हणालो, “नाय. कुठे लागणार?”

साळवीला पंखा डोळ्यांनी बघायचा होता. बोट वर ओढा म्हणाला. बा म्हणाला, आता हंगामाच्या तोंडावर वीस माणसं कुठून आणू ओढायला? हरेश बुडी मारून बघेल. आणि मी मारली बुडी. खाडीचं पाणी त्या दिवसांत चहासारखं असतं, डोळ्यापुढे धरलेला हात दिसत नाही, सगळं चाचपून बघायचं. मी चाचपलं. तीन पाती पंख्याला. दोन धड होती. तिसरं टोकाला वाकलेलं होतं आणि कडेचा लचका तुटला होता. त्या धारेने माझं बोट कापलं. खाली, पाण्यात, पात्यावर हात ठेवून मी जितका वेळ दम निघाला तितका थांबलो. विचार करत होतो असं वाटेल तुम्हाला. कसला विचार? चेहरा नीट करत होतो.

वर आलो. बोटाचं रक्त चोखून टाकलं. म्हणालो, “पंखा शाबूत आहे. हात फिरवून बघितला सगळीकडे.”

साळवीने मान डोलावली. त्याला पोहता येत नव्हतं. पाण्याखाली त्याचे डोळे म्हणजे मी होतो.

मग पुढचे आठ-दहा दिवस त्या माणसाने जे केलं ते मी रोज बघत होतो. त्याने कपलिंग खोललं. दोन तबकड्यांच्या मधल्या फटीत पातळ पट्टी घालून, पंख्यापर्यंत जाणारा तो लांब दांडा, शाफ्ट, हाताने पाव-पाव फेरा फिरवत, चारी बाजूंनी फट मोजली. बरोबर आली. पुन्हा मोजली. बरोबर आली. तरी त्याने इंजीन सैल करून परत बसवलं. खालचे रबर बदलले. शाफ्टचं बुश बदललं. प्रत्येक वेळी बोट फिरवून बघायची आणि प्रत्येक वेळी कापरं तसंच. साळवी दिवसभर उकिडवा बसून त्या शाफ्टकडे बघायचा. स्वतःशी बोलायचा. एकदा मला म्हणाला, “पंखा शाबूत, माप बरोबर, शाफ्ट सरळ. मग हे येतंय कुठून? माझं डोकं चालत नाय रे.” मी त्याला चहा आणून दिला. हो, चहा आणून दिला मी! किती चांगला माणूस.

इकडे आळीत कुजबुज सुरू झाली होती. साळवीने इंजीन वाकडं बसवलं. आता वय झालं त्याचं. शेवटी बाहेरचाच माणूस, त्याला बोटीतलं काय कळणार. पंधरा वर्षं त्याच्या भरवशावर बोटी चालवलेले लोक हे बोलत होते. आजही त्या लोकांचा मला संताप येतो – इतकी घाई कसली होती एका माणसाला नालायक ठरवायची? पण त्यांना ती काठी हातात दिली कोणी? संताप तिथपर्यंत जातो आणि मग वळून माझ्याकडेच येतो.

बाने शेवटी कंटाळून सांगितलं, कापरं तर कापरं, हंगाम बुडतोय, चला. आणि आम्ही निघालो. मी, बाळूमामा – आईचा मावसभाऊ, साठी उलटलेला – आणि दोन खलाशी. वाकलेला पंखा घेऊन चार माणसं समुद्रात. हे मला माहीत होतं आणि बाकी तिघांना माहीत नव्हतं. ते ज्या फळीवर बसून भाकरी खात होते तिच्याखाली काय फिरतंय, ते मला माहीत होतं. तरी मी बोट नेली. एकदा नाही, पाच-सहा वेळा नेली.

सहाव्या की सातव्या खेपेला, सकाळी दहाच्या सुमारास, उत्तनच्या समोर बऱ्याच आत असताना, खाड्‌कन आवाज झाला आणि इंजीन मोकळं सुटून ओरडायला लागलं. कपलिंगच्या मागेच शाफ्ट तुटला होता. आणि तुटलेला शाफ्ट पंख्यासकट मागे घसरून नळीतून बाहेर निघून गेला होता, समुद्रात. जिथे शाफ्ट होता तिथे आता नुसतं भोक होतं, मुठीएवढं, आणि त्यातून पाणी कारंजासारखं आत येत होतं. बाळूमामाने अंगातला शर्ट काढला, गोणपाटात गुंडाळला, भोकात कोंबला आणि पाठ लावून वर बसला. पाय समोरच्या फळीला टेकवून. दोन तास तसाच बसला होता म्हातारा, दुसरी बोट येऊन आम्हाला ओढून नेईपर्यंत. गुडघाभर पाणी झालं होतं. बाकीचे दोघे बादल्यांनी उपसत होते आणि देवाची नावं घेत होते.

आणि मी? आता हे वाचा. मीही उपसत होतो. पण आत, पोटात, मला गार वाटत होतं. पंखा गेला. वाकलेलं पातं, तुटलेला लचका, सगळं समुद्राच्या तळाशी गेलं. आता कोणी बोट ओढून बघितली तरी काय दिसणार? माझ्या मामाची पाठ त्या भोकावर सोलून निघत होती आणि मी मनात म्हणत होतो – सुटलो.

जेट्टीवर सगळी आळी जमली होती. बाने फोन करून साळवीला बोलावलं होतं. तो हाटकेशहून बाइकवर आला, औजारांची पिशवी खांद्याला. आधी त्याने विचारलं, माणसं ठीक आहेत ना? मग बोटीत उतरला आणि शाफ्टचा आत राहिलेला तुकडा बराच वेळ बघत बसला, बोटाने चाचपत. वर येऊन म्हणाला, “नाखवा, हे कपलिंगचं काम नाय. हा रोज थोडा थोडा झोके खाऊन तुटलाय. खाली काहीतरी वाकलेलं होतं.”

बा लाल झाला होता. “माझी चार मान्सं बुडाली असती! आनि तू अजून दुसऱ्यावं ढकलतंस? आमचा पोर बुडी मारून आलाय, त्यानं बगलंय, पंक्याला काय झालेला न्हाय!”

साळवी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ओरडला नाही. म्हणाला, “हरेश, सगळ्यांसमोर एकदाच विचारतो. लागली होती का बोट?”

आमच्यात तांडेलाने बोटीच्या नाळेवर हात ठेवून एखादी गोष्ट सांगितली की त्याच्यापुढे प्रश्न नाही. नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक – तिला आम्ही हळद-कुंकू लावतो, तिची पूजा करतो. मला कोणी हात ठेवायला सांगितला नव्हता. मी आपणहून गेलो. नाळेवर हात ठेवला आणि म्हणालो, “बोट कुठे लागली नाय. पंखा शाबूत होता.”

झालं. बाने साळवीच्या खांद्यावरची पिशवी हिसकली आणि खाली चिखलात भिरकावली. “पुना या जेट्टीवं दिसू नको.” कोणी अडवलं नाही. साळवी चिखलात उतरला, गुडघ्याएवढ्या, आणि एक एक पाना शोधून, पँटीला पुसून पिशवीत ठेवायला लागला. बराच वेळ लागला त्याला. आम्ही पन्नास-साठ माणसं वर उभी होतो. चिखलात कसं चालायचं ते आमच्यातल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. तो दोनदा पडला.

त्यानंतर कुठल्याच आळीने साळवीला बोटीचं काम दिलं नाही. इथून उत्तनपर्यंत बातमी पोचायला एक दिवस पुरला. वर्षभरात त्याने हाटकेशचा गाळा सोडला असं ऐकलं. आम्ही दुसरा मिस्त्री बघितला, नवा शाफ्ट, नवा पंखा बसवला, आणि बोट लोण्यासारखी चालायला लागली. लोक म्हणाले, बघा, मिस्त्री बदलला आणि कापरं गेलं! बा अजूनही ही गोष्ट सांगतो. लग्नात, बारशाला, कुठेही. बोलता बोलता माझ्या पाठीवर थाप मारतो – “ह्यानं चार जीव वाचवून आनले.” लोक माझ्याकडे बघतात. मी खाली बघतो आणि त्यांना वाटतं, किती साधा आहे.

सहा-सात वर्षं झाली या सगळ्याला. इथपर्यंत सांगितलं ते वाईटच आहे. खोटं बोललो, भ्यालो, माणसाला बुडवलं. पण हे पहिल्यांदा सांगतोय ते एवढ्यासाठी नाही. याच्या पुढचं आहे.

मागच्या वर्षी मासळीचा टेम्पो घेऊन मी घोडबंदर रोडने येत होतो. वरसाव्याला पुलाच्या अलीकडे टेम्पो गरम झाला, बॉनेटमधून वाफ. कडेला ताडपत्री टाकून एक जण ट्रकची कामं करत होता, तिथे नेऊन उभा केला. ट्रकखालून एक माणूस सरपटत बाहेर आला. साळवी. केस पार पिकलेले, गाल बसलेले. मला बघून उठून उभा राहिला आणि कपड्याला हात पुसायला लागला.

माझ्या मनात आलं, आता शिव्या देईल. पाना घालेल डोक्यात. खरं सांगू? मला ते हवं होतं. इतकी वर्षं वाट बघत होतो की कोणीतरी एकदा माझं थोबाड फोडेल.

त्याने बॉनेट उघडलं, फाटलेला पाइप बघितला, दहा मिनिटांत बदलला. ट्रकवाला ओरडत होता, “उस्ताद, मेरा पहले करो ना!” साळवीने त्याला हाताने थांब म्हणून खूण केली. मग मला बाजूला घेऊन गेला. मला वाटलं, आता.

“हरेश,” तो म्हणाला, “बरं झालं भेटलास. मला बोलायचं होतं तुझ्याशी. त्या वेळी जेट्टीवर मी तुझ्यावर संशय घेतला. पुष्कळ दिवस मनात धरून होतो की पोरगा खोटं बोलतोय. बायकोलाही तसंच सांगत होतो. मग विचार केला – नाळेवर हात ठेवून कोळी माणूस खोटं कसं बोलेल? म्हणजे माझंच चुकलं असणार. केसभर कुठेतरी. माप घेताना हात हलला असेल, डोळा चुकला असेल. ते काय होतं ते मला अजून सापडलं नाय. पण चार माणसं गेली असती रे माझ्यापायी. मी आता बोटीला हात नाय लावत. कोणी बोलावलं तरी जात नाय, भीती वाटते. तू मला माफ कर. संशय घेतला त्याबद्दल पण माफ कर.”

असं म्हणाला तो. मला. हात जोडून.

मी तुम्हाला विचारतो, अशा वेळी माणसाला बोलायला किती शब्द लागतात? ‘बोट लागली होती.’ तीन शब्द. कोणी ऐकत नव्हतं. बा नव्हता, आळी नव्हती, ट्रकवाला मोबाइल बघत होता. त्या तीन शब्दांनी माझं काय गेलं असतं? थोडीशी अब्रू. त्याला काय मिळालं असतं? त्याचे हात परत मिळाले असते. त्याचं डोकं, त्याची मापं, पंधरा वर्षांचं सगळं. त्याचा स्वतःवरचा भरवसा मी घेऊन गेलो होतो आणि तो परत द्यायला मला तीन शब्द जड झाले. आणि राग आला मला – त्याचा! इतका भला का आहेस? का नाही धरत माझी कॉलर? जो माणूस तुझ्यासमोर उभा आहे त्याच्याकडे नीट बघ की!

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला घट्ट. आणि म्हणालो, “जाऊ द्या मिस्त्री. माणूस आहे, चूक होते. आमच्या कुणाच्या मनात काही नाही.”

मी त्याला माफ केलं.

त्याचे डोळे भरले. खरंच बरं वाटलं त्याला, ते दिसत होतं. त्याने स्वतः रेडिएटरमध्ये पाणी भरलं, बॉनेट लावलं, आणि रस्त्यावर उतरून दोन्ही हात पसरून मागची वाहनं थांबवली, मला निघता यावं म्हणून. मी हात हलवला आणि निघालो.

त्यानंतर वरसाव्यावरून किती वेळा गेलो असेन. तो दिसतो. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. हे लिहितोय, आत्ता या वेळीही तो तिथे कुठल्यातरी ट्रकखाली उताणा पडून काम करत असेल, आणि आपल्या चुकीमुळे चार माणसं मरता मरता वाचली, असंच समजत असेल.